ओशन ग्रोव्हमधली पडवी : दुरुस्तीच्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२३

घर न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर ओशन ग्रोव्हमध्ये आहे. मालकीण आमच्या चर्चमधल्या एक आजी, ऐंशी ओलांडलेल्या. त्यांच्या आजोबांपासून घर याच कुटुंबात आहे. पुढची पडवी डाव्या अंगाला खचली आहे. त्यांनी मागवलेल्या अंदाजांत सर्वांत स्वस्त ३१,००० डॉलरचा होता, आणि त्यातही जुनं सगळं उपटून प्लास्टिकचे खांब बसवायचा बेत. आजींनी सरळ नाही म्हटलं. मी हौसेने सुतारकाम करतो आणि मेहुणा सिव्हिल इंजिनिअर आहे. खालच्या मजल्याची पडवी आम्ही करून देऊ, असं कबूल करून बसलो. अशा जुन्या वस्तीतल्या घराला कुणी हात घालणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून या नोंदी ठेवतो आहे.

गाव कसलं, ते थोडक्यात. १८६९ च्या उन्हाळ्यात काही मेथडिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ) मंडळी इथे वाळूत तंबू ठोकून राहिली. ३१ जुलैच्या रात्री मिसेस थॉर्नली यांच्या तंबूत मेणबत्त्यांच्या उजेडात पहिली प्रार्थना झाली. पुढच्या वर्षी त्यांच्या संस्थेची, म्हणजे ओशन ग्रोव्ह कॅम्प मीटिंग असोसिएशनची, रीतसर नोंदणी झाली, प्लॉट पडले आणि तंबूंच्या शेजारी लाकडी घरं उठली. १९७६ मध्ये अख्ख्या गावाची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नोंद झाली. सभागृहाभोवती आजही ११४ तंबू उभे राहतात आणि लोक उन्हाळाभर त्यांत राहतात.

आज फक्त तपासणी. स्क्रू ड्रायव्हर घेऊन प्रत्येक लाकडात टोचून पाहिलं. वरून रंग चकचकीत, आणि पुढच्या तुळईत पातं मुठीपर्यंत गेलं. चारपैकी दोन खांबांचे बुंधे पोकळ. जमिनीच्या भिंतीलगतच्या लाकडी पट्ट्या पावाच्या लाद्यांइतक्या मऊ.

मला कोडं हे पडलं की कूज भिंतीकडे जास्त का? पाऊस तर बाहेरून येतो. मेहुण्याने पाणसळ लावली आणि उत्तर मिळालं. पडवी सात फूट खोल. फुटाला पाव इंच धरला तर बाहेरच्या बाजूला पावणेदोन इंच ढाळ हवा. इथे जेमतेम अर्धा इंच, तोही मध्येच उलटा. कधीतरी कुणीतरी 'वाकडी' पडवी 'सरळ' करून ठेवली आहे. त्या दिवसापासून पाणी घराकडे वाहत असणार.

११ नोव्हेंबर २०२३

परवानगीचे कागद. दर्शनी भागाचं काम म्हटलं की इथे टाउनशिपच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, वारसा जतन समितीचं प्रमाणपत्र लागतं आणि बांधकामाचा परवाना वेगळा. नुसतं 'होतं तसं करू' म्हणून भागत नाही. खांबाची जाडी, कठड्याच्या दांड्यांमधलं अंतर, पट्टीची रुंदी हे सगळं मापासकट काढून द्यावं लागतं. मी फोटोंवर बाण काढून मापं लिहिली, ते चाललं.

मेहुण्याच्या डोक्यात पडवी फूटभर पुढे वाढवायचं होतं, म्हणजे टेबल मावेल. मी त्याला रस्त्यावर नेलं आणि शेजारच्या तीन-चार पडव्यांच्या कडेला दोरी धरायला लावली. दोरी रस्त्याला समांतर नाही, तिरकी जाते. समुद्राजवळच्या ब्लॉकांत प्रत्येक घर आपल्या मागच्या घरापेक्षा थोडं आत सरकवून बांधलं आहे. त्यामुळे रस्ता समुद्राकडे नरसाळ्यासारखा उघडत जातो आणि मागच्या घरालाही वारा लागतो, पाणी दिसतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या आखणीत हे बसवलेलं आहे. आपण फूटभर पुढे आलो की मागच्या साऱ्या ओळीच्या तोंडाशी आलो.

"मग राहू द्या भाऊजी, टेबल अंगणात ठेवू," म्हणाला. अंगण कुठे आहे, हे त्याने अजून पाहिलेलं नाही.

जमीन आजींची नाही, असोसिएशनची आहे. ९९ वर्षांचा भाडेपट्टा आणि वर्षाला साडेदहा डॉलर जमीनभाडं. लोकांना हे ऐकून हसू येतं, पण गावाची आखणी टिकली त्यात या पट्ट्याचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. दोन प्लॉट जोडून टॉवर उठवायचा म्हटलं तरी जमीन मुळात विकायला नाहीच.

२० जानेवारी २०२४

थंडीत बाहेरचं काम बंद, म्हणून गॅरेजमध्ये नक्षीचं काम. खांबाच्या माथ्यावरचे कातरलेले कोपरे आठ. त्यांतला एक गायब, दोन तुटके. चांगल्यातला एक उतरवून जाड कागदावर ठेवून आखला.

जवळून पाहिल्यावर ही नक्षी मशीनने एकसारखी काढलेली नाही हे कळलं. एका कोपऱ्याच्या वेलांटीचं टोक दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब, आणि एका ठिकाणी करवत रेघ सोडून गेली तिथे कारागिराने कानशीने गोलाई मारून सांभाळून घेतलं आहे. मग कुठला नमुना धरायचा? मी शेजारच्या खांबावर जोडीने येणारा कोपरा धरला. रस्त्यावरून ही जोडीच एकत्र दिसते.

लाकूड सीडरचं. पातळ पातं लावूनही आतल्या वळणात लाकूड जळून काळं पडलं. पात्याचा वेग कमी केला आणि वळणाच्या टोकाशी आधी भोक पाडून घेतलं, मग सरळ गेलं. कापलेल्या कडा अस्तर (रंगाखालचा पहिला हात) लावण्याआधी घासून घ्या. सीडरमधून तपकिरी डाग वर येतो म्हणून अस्तर तेलाचं लावलं, आणि चारही बाजूंनी, म्हणजे भिंतीकडे जाणाऱ्या न दिसणाऱ्या बाजूलासुद्धा.

२ मार्च २०२४

वरच्या मजल्याची पडवी आणि छप्पर यांचं वजन खालच्या खांबांवर येतं. खांब काढायचे तर आधी वरचा भार जॅकवर घ्यायला हवा. सहा बाय सहाची आडवी तुळई आणि खाली चार स्क्रू जॅक. जॅक भाड्याने आणले.

सकाळी लावले, दुपारी जेवून आलो तर दोन जॅक सैल. जमीन म्हणजे निव्वळ वाळू, आणि जॅकखाली आम्ही एकेरी फळी ठेवली होती. ती वाळूत रुतून बसली. पुन्हा सगळं सोडवून वाळू पाणी मारून ठोकली, खाली आडव्या-उभ्या दुहेरी फळ्यांचा दोन फुटी चौथरा केला आणि मग जॅक चढवले. तो दिवस त्यातच गेला. किनाऱ्यावरच्या घरात काम असेल तर हा चौथरा पहिल्यापासूनच करा.

उचलायचं हळूहळू. एका वेळी एक-अष्टमांश इंच आणि मग आठवडाभर थांबायचं. एकूण सव्वा इंच उचलायचं आहे. घाई केली तर वरच्या खोलीतलं प्लास्टर तडकतं आणि खिडक्या अडकतात. आजींना सांगून ठेवलं आहे की कुठली खिडकी जड लागली तर फोन करा.

१६ मार्च २०२४

पडवीची जुनी लाकडी जमीन उपटली. १९७८ च्या आधीच्या घराला शिशाचा रंग आहे असं धरूनच चालायचं. इथे चाचणीत तो निघालाही. खाली प्लास्टिक अंथरलं, रंग ओला करून खरवडला, अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम वापरला, मास्क लावले. कोरडं सँडिंग अजिबात नाही. शेजारी मुलं खेळतात.

कुठलं लाकूड मूळचं आणि कुठलं नंतरचं, हे खिळ्यांवरून ओळखता येतं. आतल्या कड्यांत, म्हणजे पट्ट्यांखालच्या आधाराच्या लाकडांत, चौकोनी धारेचे, पत्र्यातून कापलेले खिळे आहेत. हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत चालायचे. गोल तारेचे खिळे १८९० च्या आसपास स्वस्त झाले आणि यांची जागा घेतली. आमच्याकडे चौकोनी खिळ्यांच्या बहुतेक कड्या ठणठणीत. गोल खिळ्यांनी आणि पुढे स्क्रूने जोडलेलं जे जे आहे, ते बरंचसं कुजलेलं.

खांबांचं कारण तर अगदी उघडं होतं. बुंध्याभोवती प्लास्टिकचा पांढरा डबा बसवून वर सिलिकॉन भरलेलं. दिसायला सुबक. वरच्या फटीतून पाणी आत जायचं आणि बाहेर पडायला वाट नाही. डबा काढला तर आतला बुंधा चिखल होऊन हातात आला. जिथे कुणी डबा लावला नव्हता, तो चौथा खांब दीडशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यात नुसत्या रंगावर उभा आहे.

जुन्या लोकांनी पडवीखाली जाळी ठेवली होती, हवा खेळावी म्हणून. नंतरच्या दुरुस्तीत आतून प्लायवूड ठोकून तीही बंद केलेली सापडली. प्लायवूड कचऱ्यात.

२३ मार्च २०२४

ज्या खांबाचा बुंधा वरवर कुजला आहे, तो एपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या राळेने, वाचवायचा ठरवलं. आधी पातळ एपॉक्सी पाजायची, मग पुट्टीसारखी घट्ट भरायची. दुपारी भरलं, संध्याकाळी पाहिलं तर चिकीच्या कच्च्या पाकासारखं, बोटाला तार. दुसऱ्या दिवशीही तेच.

समुद्रावरचा वारा आणि रात्री पारा पाचच्या आसपास. डब्यावर लिहिलं आहे, दहा अंश सेल्सिअसच्या खाली वापरू नका. आम्ही दुपारचं ऊन बघून भरलं, रात्रीचा विचार केला नाही. सगळं खरवडून काढलं. एपॉक्सी महाग आहे, अर्धी वाया गेली. लाकूड मात्र पातळ एपॉक्सीने थोडं टणक झालं आहे, तेवढंच पदरात.

५ एप्रिल २०२४

शुक्रवार. सकाळी १०:२३ ला ऑफिसात खुर्ची हलली. न्यू जर्सीत भूकंप, ४.८ चा, केंद्र हंटरडन काउंटीत. सगळे बाहेर येऊन फोनवर. माझ्या डोक्यात एकच, घर जॅकवर आहे.

आजींना फोन केला. "माझा चहाही सांडला नाही," म्हणाल्या. तरी दुपारी निघून गेलो. चारही जॅकांवर मार्चमध्ये मार्करने रेघा मारून ठेवल्या होत्या, फळीशी कुठे टेकतात त्या. तीन जॅक तिथल्या तिथे. चौथा केसभर फिरला होता. त्याला तिरके आधार दिले आणि जॅकचे पाय फळीला स्क्रूने बांधून टाकले. आम्ही तिथेच असताना सहाच्या सुमारास पुन्हा एक हलका धक्का बसला. जॅकच्या पायाला भोकं असतात ती कशासाठी, हे आता विचारायला नको.

१३ एप्रिल २०२४

ऊब आली. एपॉक्सी पुन्हा भरली, रात्री गरम दिव्याखाली ठेवली, दगड झाली. पोकळ निघालेले दोन बुंधे मात्र वाचण्यासारखे नव्हते. ते फूटभर उंचीवर तिरके कापून खाली नवं लाकूड सांधलं. सांध्याचा उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे पाणी आत न शिरता निथळेल. खांबाखाली पितळी चकत्या ठेवून एक-अष्टमांश इंच मोकळी जागा सोडली. प्रेशर-ट्रीटेड (दाबाने रसायन मुरवलेलं) लाकूड फक्त पुढच्या तुळईत वापरलं, ती झाकलेली असते. त्यातल्या तांब्याच्या रसायनाने साधे खिळे खाल्ले जातात, म्हणून स्क्रू सगळे ३१६ दर्जाचे स्टेनलेस. मागच्या दुरुस्तीतले साधे गॅल्वनाइज्ड स्क्रू पिळताना डोकीच तुटून येत होती.

कड्या नव्याने ढाळात घेतल्या. पूर्ण पावणेदोन इंच. मेहुण्याने गोटी ठेवून पाहिली, गोटी रस्त्याकडे गेली.

२७ एप्रिल २०२४

फर लाकडाच्या टंग-अँड-ग्रूव्ह पट्ट्या, म्हणजे एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते अशा. पडवी अठरा बाय सात, म्हणजे १२६ चौरस फूट. मागवल्या १४५. पट्ट्या भिंतीकडून रस्त्याकडे, म्हणजे ढाळाच्या दिशेने. आडव्या घातल्या तर प्रत्येक सांध्यावर पाणी अडतं.

प्रत्येक पट्टीला सहाही बाजूंनी अस्तर, जीभ आणि खाच धरून. कापलेलं टोक तर दोनदा. कंटाळवाणं काम आहे, पण पाणी शिरतं ते टोकातूनच. निम्मी जमीन घालून झाली. पुढची कड आम्ही सिलिकॉनने बंद केली नाही. समितीच्या तपासनिसाने हेच विचारलं, आणि 'नाही' ऐकून मान डोलावली.

११ मे २०२४

आठवडाभर पाऊस आणि जमिनीच्या मधोमध एक रांग उंचावली आहे. पाय ठेवला की टकटक वाजते. पट्ट्या भट्टीत सुकवलेल्या होत्या, आठ टक्के ओलाव्याच्या. आमच्या गॅरेजमध्ये दहा-बारा दिवस पडून राहिल्या, पण गॅरेज एडिसनला, समुद्रापासून दूर. किनाऱ्याच्या हवेत लाकूड तेरा-चौदा टक्क्यांवर स्थिरावतं. आम्ही घट्ट ठोकून बसवल्यामुळे फुगायला जागाच राहिली नाही.

दोन पट्ट्या कापून काढल्या, रंध्याने कडा उतरवल्या आणि नाण्याच्या जाडीच्या फटी ठेवून परत बसवल्या. उरलेला माल आता आजींच्या मागच्या दारी छपराखाली आडव्या पट्ट्यांवर रचून ठेवला आहे. आधीच तिथे ठेवायला हवा होता.

गावात तंबू उभे राहायला लागले आहेत. हिवाळाभर मागची लाकडी खोली तेवढी दिसते. आतमध्ये स्वयंपाकघर आणि न्हाणी. मे आला की पुढच्या फळ्यांच्या ओट्यावर सांगाडा, त्यावर कॅनव्हास, वर दुसरं कापड. दोन तंबूंमध्ये हात पसरता येत नाही. २०११ च्या मार्चमध्ये गावातलं एक जुनं हॉटेल आगीत गेलं, शेजारची घरंही गेली. त्यामुळे आगीचं नाव काढलं की इथली जुनी माणसं गंभीर होतात. आम्हीही हीट गनने रंग उतरवणं टाळलं ते यासाठीच. जुन्या भिंतीत ठिणगी तासन् तास धुमसत राहते.

जेवणाच्या सुट्टीत मेहुण्याला सभागृह दाखवायला नेलं. १८९४ चं, ९२ दिवसांत उभं केलेलं, लोखंडी कमानींवर लाकडी अस्तर. २०१२ च्या सँडी वादळात छपराचा एक भाग उडाला होता, तो दुरुस्त केला आहे. आत कुणीतरी ऑर्गनचा सराव करत होतं आणि शेवटच्या बाकावरसुद्धा स्वर स्वच्छ येत होता. इंजिनिअर माणूस वर कमानीच मोजत बसला.

येताना त्याला लोणावळ्याचं सांगितलं. ओशन ग्रोव्ह स्थापन करणाऱ्यांपैकी एक विल्यम ऑसबॉर्न पुढे मिशनरी म्हणून मुंबईकडे आला, आणि तिकडच्या मेथडिस्टांच्या कॅम्प मीटिंग, म्हणजे मुक्कामी प्रार्थना-मेळावे, लोणावळ्याला भरू लागल्या. त्याची बायको लुसी ड्रेक लग्नाआधी वऱ्हाडात वाशिमला मिशनचं काम करत होती. मेहुणा वाशिमचाच. "आमच्या गावची बाई, आणि तुम्ही हे मला आता सांगताय?" म्हणाला. त्यानंतर दुपारभर त्याने पट्ट्या जरा जास्तच काळजीने बसवल्या.

२५ मे २०२४

मेमोरियल डेच्या सुट्टीची गर्दी. गाडी लावायला जागा मिळेना, सामान वाहून आणलं. उद्या रविवार, रविवारी यंत्र चालवायचं नाही हा आजींचा नियम आहे. १९७९ पर्यंत गावात रविवारी गाडीच चालवू द्यायचे नाहीत, वेशीवर साखळ्या लागायच्या. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने असोसिएशनचे पोलिसी अधिकार काढून घेतले तेव्हा ते थांबलं. आजींना त्या साखळ्या आठवतात. शनिवारी रात्री लोक आपल्या गाड्या वेशीबाहेर नेऊन लावायचे म्हणे.

जमिनीला राखाडी रंगाचे दोन हात, खांबांना आणि नक्षीला पांढरा. छताचा फिका निळा मूळचाच ठेवला. खरवडताना खालच्या थरांत तोच सापडला होता. जॅक उतरवले. खांबांनी भार घेतला तेव्हा एकदाच करकर आवाज आला, बस. वरची खिडकी उघडते.

१५ जून २०२४

हिशेब. फरच्या पट्ट्या १,१८० डॉलर, तुळई आणि खांबांचं लाकूड ४६०, नक्षीचं सीडर २१०, एपॉक्सी २६५, स्टेनलेस स्क्रू १९०, जॅकचं भाडं ३४०, व्हॅक्यूम-मास्क-प्लास्टिक मिळून ६२०, अस्तर आणि रंग ४३५, परवाने आणि छपाई २१५. एकूण ३,९१५. आमची मजुरी यात नाही, आणि ती धरली तर अंदाज देणाऱ्या कंत्राटदाराला मी फार नावं ठेवणार नाही. व्हॅक्यूम विकत घेण्याऐवजी भाड्याने आणला असता तर तीनेकशे वाचले असते. जॅकचं भाडं मात्र वाचवू नका, हळू उचलण्याचेच ते पैसे आहेत.

काल जोराचा पाऊस झाला. आजींनी व्हिडिओ पाठवला, पाणी पुढच्या कडेवरून सरळ खाली. भिंतीलगतची पट्टी कोरडी. दुसऱ्या खांबाजवळ एका पट्टीचा रंग सांध्यावर चिरला आहे. फुगलेल्या रांगेतलीच ती. सप्टेंबरमध्ये, लाकूड पुरेसं सुकल्यावर, तेवढाच भाग पुन्हा रंगवायचा.

वरच्या मजल्याची पडवी राहिली आहे. तिथला कठडा आजच्या नियमापेक्षा बुटका आहे. मूळ उंची ठेवून मागे बारीक सळई लावायची की कठडाच उंच करायचा, यावर समितीशी बोलणं चालू आहे. माझं मत सळईचं. ऑक्टोबरपर्यंत निकाल लागला तर जॅक पुन्हा आणू.